टिपणिसांची वेबसाइट

“हरकत आहे का, एवढंच सांगा,” आनंदराव टिपणीस फोनवर म्हणाले. “मुलाची माहिती आमच्या वेबसाइटवर ठेवू ना?”

“अहो, त्याचं लग्न होऊन मुलगी बालवाडीत जातेय,” पलीकडचे गृहस्थ म्हणाले. “तुम्ही अजून त्याला खपवताय?”

आनंदरावांनी ते नाव काढायला सांगितलं. लग्न जुळेपर्यंत रोज फोन करणारी माणसं जुळल्यावर पेढासुद्धा पाठवत नाहीत, हा त्यांचा जुना अनुभव. निवृत्तीनंतर ज्ञातीतल्या मुलामुलींसाठी ही वधू-वर वेबसाइट ते डोंबिवलीच्या घरातून चालवत होते, तीही फुकट.

समोर पुतण्या केदार लॅपटॉप घेऊन बसला होता. संमतीशिवाय कुणाची माहिती ठेवायची नाही, या गोपनीयतेच्या नव्या कायद्याचं लोढणं त्यानेच काकांच्या गळ्यात अडकवलं होतं.

“जन्मतारीख, आईचं माहेरचं आडनाव, पगार, मोबाइल,” तो म्हणाला. “काका, बँकेत ओळख पटवायला जे विचारतात ते सगळं तुम्ही चव्हाट्यावर मांडलंय. उद्या कुणी यावरून कोणाला गंडवलं तर?”

“अरे, स्थळ म्हटलं की एवढं लागतंच. आणि बँकेला जे नियम तेच मला? त्यांच्याकडे माणसं आहेत. माझ्याकडे तू आहेस, तोही रविवारी.”

“म्हणून तर म्हणतोय, बंद करून टाका.”

आनंदराव बंद करणार नव्हते. समाजसेवा वगैरे ठीक. पण वेबसाइट त्यांनी काढली ती आपल्या मुलीसाठी, नीरजासाठी. तिचं स्थळ त्यांनी सगळ्यात आधी घातलं आणि ते अजून तिथेच होतं. वेबसाइट बंद म्हणजे तिच्या लग्नाचा विषयही बंद, आणि ते त्यांना सोसणारं नव्हतं.

“अजून एक,” केदार म्हणाला. “बापाची संमती चालत नाही. मुलं सज्ञान आहेत. त्यांनीच हो म्हणायला हवं.”

“फॉर्म तर बापच भरतो.”

“तिथेच चुकलंय ना काका.”

आतल्या खोलीत नीरजा इस्त्री करत होती. ठाण्याच्या एका कॉलेजात ती ग्रंथपाल होती. आनंदराव दारात जाऊन उभे राहिले. सकाळपासून फोनवर घोकलेलं वाक्यच त्यांच्या तोंडून निघालं. “तुझी माहिती वेबसाइटवर ठेवायला तुझी संमती आहे का?”

नीरजाने इस्त्री उभी केली. “माझी माहिती अजून आहे त्याच्यावर?”

“आहे.”

“कॉलेजातल्या बायका तो फोटो बघून हसलेल्या, बाबा. मला वाटलं, तुम्ही तेव्हाच काढून टाकलात.” तिच्या आवाजात राग नव्हता, असता तर त्यांना बरं वाटलं असतं. “विचारलंत ते बरं केलंत. काढा.”

“अगं, पण एखादं चांगलं आलं तर...”

“मला लग्न नकोय. कधीच नको होतं.”

तिने पुन्हा इस्त्री उचलली. एवढी वर्षं एका घरात जेवलो आणि हे आपण कधी विचारलं नाही, याचं आनंदरावांना फार वाईट वाटलं. बाहेर येऊन त्यांनी केदारला नीरजाचं नाव काढायला सांगितलं. त्याने काढलं.

“मग साइट बंद करू ना आता?” केदारने विचारलं.

आनंदरावांनी पुढचा नंबर लावला.

“बोला टिपणीससाहेब,” शहाडच्या अंतराचे वडील म्हणाले. “त्या संमतीचं कळलं मला. आमची काही हरकत नाही हो. राहू दे नाव.”

“तुमची नको,” आनंदराव म्हणाले. “अंतराला द्या फोन.”