एकोणीस मसुद्यांचा पेन ड्राइव्ह

मित्रांनो, दिगंबरकाकांनी ज्या पत्राला सात महिने उत्तर दिलं नाही, त्याची सगळी उत्तरं माझ्यापाशी होती. मी आठ जीबीचा एक जुना पेन ड्राइव्ह. टोपण हरवलेला, कसबा पेठेतल्या एका टेबलाच्या खणात राहणारा.

काकांची पुतणी सुरुची हिंजवडीला नोकरीला लागली, तेव्हा ऑफिसच्या कार्यक्रमात मी तिला भेट मिळालो. तिने मला काकांना दिलं. काका मला चष्म्याच्या फडक्याने पुसत. इतका मान मला कुठेच मिळाला नसता.

पत्र बार्शीहून आलं होतं, काकांच्या कॉलेजातल्या मित्राचं, उत्तरेश्वररावांचं. "नजर गेली. चार दिवस येऊन वाचून दाखवशील का?" उत्तर त्यांना सून वाचून दाखवणार, म्हणून काका प्रत्येक ओळीला संकोचत. एक मसुदा माझ्यात ठेवायचा, दुसरा सुरू करायचा. असे एकोणीस झाले.

पुढे संगणक इतका मंदावला की अक्षर उमटेपर्यंत चहा निवायचा. सुरुची फोनवर म्हणाली, "काका, लिनक्स टाका, संगणक चालवणारी दुसरी प्रणाली. जुन्या मशीनवर मस्त चालतं."

काकांनी लिनक्सची फाइल उतरवून माझ्यात नुसती कॉपी केली. दोनदा संगणक चालू करून पाहिला. जुनंच चित्र समोर.

"अहो काका, कॉपी नाही करायची. मी पाठवलेल्या प्रोग्रॅमने ती ड्राइव्हवर लिहायची, मग तो बूटेबल होतो, म्हणजे संगणक त्याच्यावरून सुरू होतो. आणि त्यातलं आधीचं सगळं पुसलं जाईल हं."

संगणकही पुसला जाणार होता. मसुदे ठेवायला दुसरी जागा नव्हती. पडद्यावर इशारा आला आणि काका थबकले.

हेमाकाकू दारातूनच म्हणाल्या, "एकोणीस पत्रं झाली. वाट बघणारा माणूस एकच आहे."

काकांनी एकेक मसुदा उघडून वाचला. सगळ्यांत हवापाणी होतं, प्रकृती होती, क्षमा होती. येतो की नाही, ते कुठेच नव्हतं. त्यांनी 'होय' दाबलं.

मी तापलो, रिकामा झालो, पुन्हा भरलो. दुपारी माझ्या जोरावर संगणक नव्या रूपात सुरू झाला. मला फार अभिमान वाटला. पण काकांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते पोस्टकार्डावर लिहीत होते: "मंगळवारच्या एसटीने येतो. पुस्तक कुठलं, ते तू ठरव."

मित्रांनो, आम्हाला जपा, काम चालू असताना ओढून काढू नका. पण मनातलं आमच्यात साठवून बसू नका. आम्ही सांभाळतो, पोचवत नाही.

काकांनी सवयीने मला शर्टाच्या खिशात टाकलं, चौकापर्यंत चालत गेले आणि कार्ड लाल पेटीत सोडलं.