कुटाच्या डब्यावरचा आळ

मी शेंगदाण्याच्या कुटाचा डबा बोलतोय. होय, तोच. कोलकात्यातल्या डमडमच्या फ्लॅटमधली सहा वर्षांची आभा ज्याच्यामुळे मरता मरता वाचली, तो. सगळा आळ माझ्यावर आणि तिच्या आईवर, निर्मलावर आला.

माझ्यावर निर्मलाचं नाव कोरून तिच्या आईने मला लग्नात दिलं. जावई अजेय बँकेत, त्याची बदली झाली, तसा मीही साताऱ्याहून कोलकात्याला आलो. उसळ, कोशिंबीर, खिचडी, माझ्याशिवाय इथे पान हलत नसे.

मग आभाच्या अंगावर सारखं पित्त उठायला लागलं. निर्मलाने तिला इथल्या बंगाली डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासणीचा रिपोर्ट पाहिला आणि मान वर न करता हिंदीत सांगितलं, "बादाम बंद. बिल्कुल बंद. नेक्स्ट!" घरात काय शिजतं, हे त्यांनी विचारलं नाही. निर्मला काही विचारणार, तोवर पुढचा पेशंट आत आला होता.

रोज भिजवून द्यायचे ते बदाम तिने त्याच दिवशी बंद केले. आता पोरीला ताकद कशी येणार, म्हणून साबुदाण्याच्या खिचडीत माझ्यातलं कूट मूठभर जास्त घालू लागली. मूर्खासारखा मीही खूश होतो.

त्या शनिवारी चार घासांतच आभाचे ओठ सुजले, तिला श्वास घेता येईना. हॉस्पिटलात इंजेक्शन मिळालं म्हणून ती वाचली. तेच डॉक्टर सगळ्यांसमोर म्हणाले, "मैंने बोला था ना? आजकल की माँएँ सुनती ही नहीं."

"एकही बदाम दिला नाही हो," निर्मला सांगत राहिली. अजेयनेसुद्धा विश्वास ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलबाहेर झालमुडीवाल्याने, म्हणजे इथल्या भेळवाल्याने, तिला बंगालीत विचारलं, "बादाम देबो?" आणि मूठभर शेंगदाणे उचलले. इथे शेंगदाण्यालाच बादाम म्हणतात, हे तिला तेव्हा कळलं. ओट्याशी उभी राहून फोनवर आईला हे सांगताना ती ओक्साबोक्शी रडली. डॉक्टरांनाही तिने सांगून पाहिलं. ते म्हणाले, "तो पूछना था ना!"

मला घासूनपुसून माळ्यावर टाकलंय. त्याचं मला दुःख नाही. राग येतो तो त्या 'नेक्स्ट'चा. डॉक्टरसाहेब, समोरच्या आईला घरचं जेवण विचारा, तुमचं सांगणं तिला काय कळलं ते ऐकून घ्या, आणि मग दोघांनी मिळून ठरवा. एवढाही वेळ नसतो का हो तुमच्याकडे?

परवा निर्मलाने वरणभाताचा घास पुढे केला. आभा मागे सरकली.

"तू नको, आई. बाबा भरवतील."