न जोडलेल्या कळा

मी कीबोर्ड बोलतोय. जुना, जाड, बोट पडलं की खटकन वाजणारा. मला डोळे नाहीत. जे सांगतोय ते बोटांवरून आणि कानावर पडलं त्यावरून.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला, तिथलं काही आठवत नाही. आठवतात ती बाबांची बोटं. बाबा म्हणजे या घरातले सासरे, पेशानं प्रोग्रामर. शहराबाहेरच्या एका शीतगृहासाठी त्यांनी माझ्यावर डेस्कटॉपचा प्रोग्राम लिहिला, पास्कल भाषेत. शीतगृहाच्या आत एक बटण होतं. कुणी आत अडकलं तर ते दाबायचं, की बाहेर पहारेकऱ्याच्या कॉम्प्युटरवर घंटा वाजायची. ती घंटा बाबांच्या प्रोग्रामच्या भरवशावर होती.

बाबा सावकाश लिहीत. पास्कलमध्ये कुठल्या खणात आकडा ठेवणार आणि कुठल्या खणात अक्षरं, हे आधी सांगावं लागतं, आणि विधान संपलं की अर्धविराम. माझी अर्धविरामाची कळ त्यांनीच झिजवून गुळगुळीत केली.

मग घरात सून आली, तीही प्रोग्रामरच. टेबल एकच, मीही एकच. सकाळी बाबा, दुपारी ती. तिची भाषा जावास्क्रिप्ट, ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या पानांची. तिची बोटं माझ्यावरून पळत सुटायची, महिरपी कंस उघडायची आणि मिटायची.

चहाच्या वेळी दोघांची जुंपायची. "तुझ्या भाषेत पाच आणि तीन मिळवले तर कधी आठ येतात, आणि आकड्यांना अक्षरं समजून शेजारी मांडलं की त्रेपन्न," बाबा म्हणायचे. सून हसत कबूल करायची. मग विचारायची, "तुमच्या प्रोग्राममध्ये एवढंसं काही बदललं, तरी दर मशीनपाशी जाऊन ते नव्यानं बसवायचं कुणी? माझं पान ब्राउझर असेल तिथे उघडतं, एका जागी बदललं की सगळीकडे बदलतं." यावर बाबा कपात चमचा वाजवत राहायचे.

एका वर्षी बाबांना झटका आला. हातपाय सावरले, वाचा गेली. लिहिणंही गेलं. मुलाचं नाव येईना, 'पाणी' एवढा शब्दही हाती लागेना. शीतगृहाचं काम सुनेकडे आलं. तिनं सगळं नव्यानं वेबवर आणलं, घंटेसकट, माझ्यावरच लिहून. मग तिला लॅपटॉप मिळाला. माझी वायर काढून तिनं मला बाबांच्या मांडीवर ठेवलं. "वाजवू दे त्यांना," ती नवऱ्याला म्हणाली. "बोटांना सवय आहे, बरं वाटतं."

घरच्यांना नुसती खटखट ऐकू यायची. काय लिहिलं जातंय, ते मला एकट्याला कळायचं.

आधी पास्कल आलं. सगळा जुना प्रोग्राम, अर्धविरामांसकट, एकही चूक नाही. ज्या माणसाला 'पाणी' लिहिता येत नव्हतं, त्याच्या बोटांतून. मला बरं वाटलं. वाटलं, आहेत अजून बाबा आत कुठेतरी.

मग एका दुपारी त्यांची बोटं पळू लागली. महिरपी कंस उघडला. बाबा जावास्क्रिप्ट लिहीत होते.

ती भाषा ते कधी शिकले नव्हते, सुनेचा कोड त्यांनी कधी वाचला नव्हता. तरी ओळ न् ओळ तिचीच होती. मला ती पाठ होती. बोटं मात्र गार पडली होती. ती बोटं मला दाबत होती, की माझ्याच कळा त्यांना ओढून नेत होत्या? मला अजून सांगता येत नाही.

लिहीत लिहीत घंटेच्या जागेपाशी आले की ते थांबायचे. तिथे ते एक ओळ घालायचे, जी सुनेनं लिहिलीच नव्हती. आपल्या बोलीत सांगायचं तर, 'जर पान झाकलेलं असेल, तर'. पुढे उघडा कंस, आणि काही नाही. मग पुन्हा पहिल्यापासून. रोज तेच, रोज जास्त जोरानं.

सून समोरच काम करायची. तो ठेका तिच्याही कानात बसला असावा. एके दिवशी तिची बोटं थांबली. "बाबा, सारखं एकच काय म्हणताय?" असं विचारून तिनं माझी वायर लॅपटॉपला जोडली.

बाबा लिहू लागले. "हे माझं आहे," ती पुटपुटली. उघडा कंस आला तशी तिनं ती ओळ मोठ्यानं वाचली. खुर्ची मागे सरकली. तिनं पहारेकऱ्याला फोन लावला, आवाज खोलीभर ऐकू येत होता.

"काका, आपलं पान समोर उघडं आहे ना?"

"उघडंच आहे ताई. जरा मागे आहे. पुढे गाणी लावलीत."

मागे पडलेल्या पानाला ब्राउझर झोपवून टाकतो. झोपलेलं पान घंटा कुठून वाजवणार? सुनेला हे माहीत होतं, पण घंटा वेबवर आणताना सुचलं नव्हतं.

"आत कोण आहे?"

पहारेकऱ्यानं गाणं बंद केलं. "हमाल गेलाय खोकी लावायला. बराच वेळ झाला की."

मग पळणारी पावलं. दार उघडलं तेव्हा हमाल आत भिंतीला टेकून बसला होता, अंगठा बटणावर. तो अंगठा सोडवायला दोघं लागले, असं पहारेकरी नंतर रडत सांगत होता. हमाल वाचला.

बाबांनी त्यानंतर माझ्यावर काही लिहिलं नाही. नुसते हात ठेवून बसायचे. काही महिन्यांनी बाबा गेले, तेही संपलं.

सुनेनं पान वेबवरच ठेवलं, पण घंटेसाठी वेगळा, डेस्कटॉपचा छोटा प्रोग्राम लिहायला घेतला. पास्कलमध्ये, माझ्यावर. ती चुकतमाकत लिहायची. आणि दोन हातांचं वजन असायला हवं तिथे माझ्यावर चार हातांचं पडायचं. तिलाही जाणवत असणार, तिची बोटं मधूनच आखडायची. एकदा ती थांबली. खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

"बाबा, हात जरा बाजूला घ्या," ती हळूच म्हणाली. "मला लिहू द्या."

वजन उतरलं. ते पुन्हा आलं नाही.

आता प्रोग्राम पुरा झालाय. मी फडताळात असतो, वायर गुंडाळून. तुमच्या घरी कुणी असं न जोडलेल्या कळा दाबत बसलं असेल, तर त्याला खुळं म्हणू नका. एकदा वायर जोडून बघा. जोडणार असाल तर लवकर जोडा.