शून्य रजेचा फेटा

आमच्या मालकांना ताणाचा शोध यंदाच्या जून महिन्यात लागला. त्याआधी आमच्या फौंड्रीत ताण नव्हता, फक्त कामचोरपणा होता. कुणाचं डोकं दुखलं की विजयसिंहदादा म्हणायचे, "रात्री जास्त झाली असंल." कुणाला चक्कर आली की, "न्याहारी करून येत न्हाय, दुसरं काय." मग दादा उद्योजकांच्या कुठल्याशा मेळाव्याला पुण्याला गेले, तिथं त्यांनी एका बाईंचं भाषण ऐकलं आणि परत आले ते कामगारांच्या मनाची काळजी करतच. आल्या आल्या पहिला हुकूम सुटला, की सगळ्यांचा ताण घालवायचा आणि तो सोमवारी घालवायचा. सोमवार आमच्या सुट्टीचा. जो येणार नाही त्याची गैरहजेरी लागणार.

मी उदयसिंह. या कारखान्याच्या टाईम ऑफिसात तेवीस वर्षं बसतोय. कोण कधी आला, कधी गेला, कुणी रजा मागितली, सगळं माझ्या हातून जातं. या खुर्चीतून माणसं फार स्वच्छ दिसतात, असं मला वाटायचं. दादांना तर मी पहिल्याच वर्षी ओळखलं होतं. बाहेर समाजसेवा, आत शिव्या. मनातल्या मनात त्यांना हसायचं आणि तोंडानं "व्हय दादा" म्हणायचं, हे मला छान जमलं होतं.

आता गुरुसिद्धचं सांगतो. गुरुसिद्ध गडहिंग्लजकडचा. भट्टीतला लोखंडाचा रस साच्यांत ओततात, त्या कामाचा तो मुकादम, एकोणीस वर्षं. गेल्या दिवाळीला त्याची दोन माणसं सोडून गेली, ती जागा कुणी भरली नाही आणि गुरुसिद्ध दोन-दोन पाळ्या करायला लागला. आधी त्याचं बोलणं कमी झालं. मग जेवण. मग हात थरथरायला लागला. एप्रिलात त्यानं क्रेनवाल्या बाळासोला चुकीची खूण केली आणि पांढराफटक तापलेला रस त्याच्याच हाताखालच्या ज्ञानूच्या पायापासून हातभरावर सांडला. ज्ञानू उडी मारून वाचला. गुरुसिद्ध तिथंच खाली बसला आणि सगळ्यांदेखत रडला.

त्याच दिवशी तो माझ्याकडं अर्ज घेऊन आला. सोबत डॉक्टरची चिठ्ठी.

"उदयराव, आठ दिवस द्या. झोप न्हाई बघा मला. डोळं मिटलं की भट्टीच दिसतीया. एक दिवस कुणाला तरी मारून बसतोय मी."

"ठेव. दादांचा मूड बघून नेतो," मी म्हणालो.

दादांचा मूड ही चीज कुणी पाहिलेली नाही. रजेचा अर्ज घेऊन जो वर दादांच्या केबिनमध्ये जातो, शिव्या आधी त्यालाच बसतात. म्हणून मी अर्ज ड्रॉवरमध्ये टाकला. पंधरा दिवसांनी दुसरा आला. मग तिसरा. जूनअखेर चार झाले होते. दर वेळी गुरुसिद्धचे डोळे आणखी आत गेलेले असायचे आणि दर वेळी मी त्याला मूडचंच सांगायचो.

तर तो सोमवार. कॅन्टीनमध्ये खुर्च्या मांडल्या, पुण्याहून संयोगिता मॅडम आल्या. मॅडमचा आवाज इतका गोड, की भट्टीवर ऐकूच आला नसता. डोळे मिटा, खोल श्वास घ्या, एखादं शांत तळं बघा. आमची निम्मी माणसं तळं बघता बघता घोरायला लागली. मॅडम म्हणाल्या, किती छान रिलॅक्स झालेत सगळे. मग एकेक फुगा वाटला. आपला ताण कागदावर लिहायचा, फुग्यात घालायचा आणि फुगा फोडायचा. ताण गेला.

बाळासोनं हात वर केला. "मॅडम, ओतकामाला दोन माणसं भरा, असं लिवलं तर चालंल काय?"

"नाही, नाही," मॅडम हसून म्हणाल्या, "आपल्या हातात असलेल्या गोष्टीच लिहायच्या."

बाळासोनं कोरा कागद घातला आणि फुगा फोडला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच.

पण कोल्हापुरात सत्काराशिवाय कार्यक्रम होतो व्हय? आठ दिवस आधी दादांनी मला विचारलं होतं, "वर्षात एकबी रजा न घेतलेला कोण हाय रं आपल्यात?" मी बघितलं. एकच नाव निघालं. त्याच्या रजा शून्य का आहेत, हे जगात दोघांनाच माहीत होतं, त्याला आणि मला. तरी मी नाव सांगितलं. खरं सांगायचं तर मला गंमतच वाटली. ताण घालवायच्या कार्यक्रमात न झोपलेल्या माणसाचा सत्कार! दादांच्या शहाणपणाला साजेसंच, म्हटलं.

गेटवर बारा फुटी फ्लेक्स लागला. दादांचा चेहरा परातीएवढा, गुरुसिद्धचा वाटीएवढा. खाली लिहिलेलं, "शून्य रजा! कामाचा वाघ!" आमच्याकडं एकदा माणूस फ्लेक्सवर चढला की त्याची सुटका नसते. वाघानं रजा कशी मागायची?

गुरुसिद्धला स्टेजवर बोलावलं. भगवा फेटा बांधला, शाल घातली. दादांनी नारळ दिला तो त्याच्या हातातून सुटला आणि गडगडत मॅडमच्या पायाशी गेला. दादा म्हणाले, "बोल, दोन शब्द बोल."

त्यानं माईक दोन्ही हातांनी धरला. "दादा, फेटा नको मला. आठ दिवस रजा द्या. झोपायचं हाय."

मग दादा मोठ्यानं हसले आणि ते हसल्यावर सगळे हसले. मॅडम म्हणाल्या, "बघा, विनोद हा ताणावरचा सगळ्यात मोठा उपाय!" टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. गुरुसिद्ध वरून माझ्याकडं बघत होता.

त्यानंतर जेवण. तांबडा रस्सा, पांढरा रस्सा आणि सुकं मटण. सत्कारमूर्ती लिंगायत आहे, त्याच्यासाठी साधी आमटी तरी करावी, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. तो न जेवताच गेला. फेटा तसाच डोक्यावर ठेवून गडहिंग्लजच्या एसटीत चढला म्हणे.

मंगळवारी तो आला नाही. बुधवारी नाही. गुरुवारी मी फोन लावला, त्याच्या बायकोनं, रुद्राणीनं उचलला.

"झोपल्यात ते," ती म्हणाली. "तीन दिवस झालं, जेवायला तेवढं उठत्यात."

"उठवा की जरा. दादा विचारतायत."

"विचारू देत की. मी न्हाई उठवणार."

फोन ठेवला आणि मला पहिल्यांदा स्वतःची किळस आली. ज्ञानूचे पाय भाजले असते तर मी कुणाला हसलो असतो? ड्रॉवर उघडला, चारही अर्ज काढले आणि वर गेलो. म्हटलं, आज शिव्या बसू देत.

"दादा, गुरुसिद्धची चूक नाही. त्यानं चार वेळा रजा मागितली होती. अर्ज माझ्याकडंच पडून राहिले. मी तुम्हाला दाखवले नाहीत."

दादांनी अर्जांकडं बघितलंसुद्धा नाही. शिव्याही दिल्या नाहीत.

"मला म्हाईत हाय की," ते म्हणाले. "अर्ज वर येत न्हाईत म्हणून तर तुला त्या खुर्चीत बसवलाय. तेवीस वर्षांत मला एका माणसाला तोंडानं न्हाय म्हणावं लागलं न्हाय बघ. गुणाचा हाईस तू."

मी अर्ज परत उचलले.

"आणि त्याला आठ दिवस हजर दाव. भाईर फ्लेक्स लागलाय, माणूस गैरहजर दिसला तर इज्जत काय ऱ्हाईल?"

मी खाली आलो आणि गुरुसिद्धच्या नावापुढं आठ दिवस हजेरी भरली. त्याला झोप मिळाली, पण ती फ्लेक्सच्या इज्जतीपायी आणि रुद्राणीच्या हट्टापायी. त्यात माझं काही नव्हतं. दादांना हसायला त्या दिवसापासून मला जमलेलं नाही.