गलबताचं शीड

रामनाथरावांना छंदांची कमी कधीच नव्हती. कमी होती ती शेवटाची. जेसल पार्कातल्या त्यांच्या घराच्या माळ्यावर हार्मोनियम होती, दुर्बीण होती, अर्धीच विणलेली वेताची खुर्ची होती. प्रत्येकीचे नव्याचे नऊ दिवस थाटात झाले आणि दहाव्या दिवशी शिडी लागली. पत्नी शालनताई त्यांना त्यावरून चिडवत, पण आतून त्यांना वाईट वाटे. एखादी वस्तू माळ्यावर गेली की हा माणूस कितीतरी दिवस गप्प गप्प असायचा, आणि निवृत्तीनंतर तर ते गप्प बसणं फारच लांबायला लागलं होतं.

म्हणून रामनाथरावांनी घरी जोडायच्या लाकडी जहाजाच्या किटचा विषय काढला, तेव्हा शालनताई पदर खोचून बरोबर निघाल्या. एवढं एक तरी त्यांच्या हातून तडीस जावं, अशी त्यांची इच्छा होती.

मीरा रोडच्या दुकानात धर्मेशभाईंनी दोन खोकी पुढे ठेवली. एकात तीन डोलकाठ्यांचं, तोफा लावलेलं भलंमोठं जहाज. दुसऱ्यात एका शिडाचं साधं गलबत. रामनाथरावांची नजर मोठ्यावर खिळली आणि शालनताई पेचात पडल्या. छोटं घ्या म्हणावं, तर नवऱ्यावर भरवसा नाही असं होणार. न म्हणावं, तर माळा आहेच.

"उघडून बघू का हो?" त्यांनी विचारलं.

"बघा ना काकी. खोक्यावरचा फोटो बघून लाकूड नाय घ्यायचं," धर्मेशभाई म्हणाले.

शेवग्याच्या शेंगा पारखाव्यात तशा शालनताईंनी लाकडाच्या पट्ट्या पारखल्या. एक हलकेच वाकवली, एक डोळ्यासमोर धरून सरळ आहे का पाहिली, कडेवरून बोट फिरवून कुसळं निघतात का बघितलं. मोठ्यात खोट सापडली असती तर काम सोपं होतं. पण मेलं तेही चांगलंच निघालं. लाकूड एका रंगाचं, तुकडे स्वच्छ कापलेले, आराखडाही खऱ्या मापाचा.

"दोन्ही चांगली आहेत," नाइलाजाने त्या खरं बोलल्या.

रामनाथरावांनी एवढंच विचारलं, "शिडं तयार येतात का?"

"मोठ्यात रेडीमेड. छोट्यात नुसतं कापड येतं, घरी शिवायला लागतं. कस्टमर लोक तेच्यामुळेच सोडून देतात."

रामनाथराव छोटं खोकं पुढे सरकवून म्हणाले, "हे द्या."

माणसाने स्वतःची झेप ओळखली, असं शालनताईंना वाटलं. त्यांना हायसं वाटलं आणि नवऱ्याची थोडी कीवही आली.

पुढे जेवणाचं टेबल जहाजाने बळकावलं. पट्ट्या शालनताईंच्या घमेल्यात भिजायच्या, आणि डिंक वाळेपर्यंत त्या धरून ठेवायला दोरीवरचे कपड्यांचे चिमटे जायचे. ओले कपडे वाऱ्याने खाली पडले तरी शालनताईंनी हूं का चूं केलं नाही. गलबताला पोट आलं, डोलकाठी उभी राहिली, दोऱ्या ताणल्या गेल्या. आणि एके दिवशी रामनाथराव ते बाजूला ठेवून पेपर वाचत बसले. दुसऱ्या दिवशीही तेच. शालनताईंना गॅलरीतली शिडी दिसायला लागली.

शेवटी न राहवून त्यांनी विचारलं, "कंटाळलात का?"

"माझं काम झालंय. शीड राहिलंय."

"मग लावा की."

"ते तुला शिवायचंय. त्यासाठीच तर छोटं घेतलं. तुझा नवा चष्मा यायचा होता, म्हणून थांबलो."

"मला कुठे जमतंय आता शिवण?"

"माळ्यावर माझ्या हार्मोनियमच्या मागे तुझी अर्धी गोधडी आहे," रामनाथराव शांतपणे म्हणाले. "सलोनीच्या बाळासाठी शिवायला घेतलेली. ते बाळ आता शाळेत जातंय."

आपल्या लेकीच्या बाळासाठी शिवायला घेतलेली ती गोधडी शालनताई साफ विसरल्या होत्या. नवऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ मोजताना स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ राहून गेलं होतं. त्यांना लाज वाटली आणि लगेच हसूही आलं. त्यांनी सकाळीच आलेला नवा चष्मा लावला आणि कापड मागून घेतलं.

धावदोरा घालून कड दुमडायला दुपार गेली. शेवटची गाठ रामनाथरावांनी मारली. खाडीवरून खिडकीत आलेल्या वाऱ्याने शीड जरासं फुगलं. दोघं ते बघत बसली, चहा गार झाला.

"अहो, शिडी आणा," शालनताई म्हणाल्या.

रामनाथराव दचकले. "कशाला? हे वर टाकतेस?"

"नाही. गोधडी खाली काढायचीय."