अर्धी खाडीत, अर्धी वाफ्यात

मित्रांनो, घेवड्याचा वेल अंगावर घेऊन मी उभी असलेली पाहून तुम्ही मला खुशाल काठी म्हणाल. म्हणा. पण मी एक जुनी सळई आहे, मासेमारीच्या होडीवरच्या नांगराची. आणि तीही आता पुरी नाही.

काचेचे बारीक धागे चिकट रसायनात भिजवून, ताणून, कडक करून कारखान्यात मला घडवलं. उंची आमच्या होडीवाल्या काकांपेक्षा दीड हात जास्त, एक टोक तासलेलं. होडीच्या मागच्या बाजूला एक घडीचा लोखंडी हात होता. त्याच्या मुठीत काकांनी मला बसवलं आणि दोन बोल्ट आवळले. बटण दाबलं की हात उलगडायचा आणि मी सरळ खाली चिखलात रुतायची; पुन्हा दाबलं की वर. कंबरभर पाण्यात होडी जागच्या जागी. जड नांगर धप्पकन टाकला, तर दारात पाहुणे दिसताच मुलं पळतात तसे मासे पळतात. माझी चाहूल मात्र त्यांना कधीच लागली नाही.

बारा वर्षं मी त्या खाडीत रुतले आणि निघाले. काम उभं राहण्याचं, त्यामुळे माणसं पाहायला वेळ भरपूर. काका "हा शेवटचा गळ" असं दिवसातून सरासरी नऊ वेळा म्हणत. सुटलेला मासा किनाऱ्याला पोहोचेपर्यंत वीतभर वाढे. काकू पुढे बसून जाळी धरत आणि ती वाढ मुकाट्याने ऐकून घेत. कौतुक मात्र नेहमी गळाचं व्हायचं. माझं नाव निघायचं ते फक्त होडी हलवताना. इंजिनाला हात घालण्याआधी काका पाठमोरेच विचारत, "सळई वर?"

काकू वळून मला बघत आणि म्हणत, "वर!"

मगच इंजिन सुरू होई. एकदाही चुकलं नाही.

दोन वर्षांपूर्वी काकूंचे गुडघे गेले आणि होडीत चढणं बंद झालं. काका एकटे येऊ लागले. आणि मित्रांनो, इथेच गोम होती. परतताना ते विचारत, "सळई वर?" थोडं थांबत. मग काकूंसारखा बारीक आवाज काढून स्वतःच म्हणत, "वर!" आधी मला गंमत वाटायची. नंतर ते थांबणं लांबत गेलं, तशी गंमत कमी झाली.

त्या दुपारी ओहोटी लागली होती. काकांनी विचारलं, थांबले, उत्तर दिलं आणि इंजिन सुरू केलं. मी हातभर चिखलात होते. कडाड्! माझं टोक तिथेच राहिलं आणि उरलेली मी हवेत लोंबकळत घरी आले.

लेकीने मला पाहिलं. "बाबा, आता बास. आज सळई विसरलात, उद्या घरचा रस्ता विसराल. होडी देऊन टाकू कुणाला तरी."

चार दिवस होडी अंगणात फळ्यांवर पडून होती आणि काका ओट्यावर. गळाची पेटी त्यांनी उघडलीसुद्धा नाही. पाचव्या दिवशी मात्र ते नवी सळई घेऊन आले. काखेत लपवून! एवढी लांब वस्तू! पुढचं टोक फाटकातून आत आलं, तेव्हा मागचं अजून गल्लीत होतं. पकडले जाणारच.

काकू स्टूल घेऊन होडीजवळ बसल्या. माझे बोल्ट गंजले होते. "तेल सोडा आणि जरा दम धरा," त्या म्हणाल्या. तेल मुरलं, बोल्ट सैल झाले. काकांनी मला उपसून काढलं, नवीला मुठीत घातलं आणि दात ओठ खात पाना फिरवू लागले.

"अहो, पिळताय काय एवढं? ओली चादर आहे का ती? तडकेल."

"बारा वर्षं मीच आवळतोय."

"आणि बारा वर्षं मीच थांबवतेय. द्या इकडे." पाना घेऊन काकूंनी सहज विचारलं, "त्या दिवशी विचारलं नव्हतंत का?"

"विचारलं होतं."

"मग?"

"मग काय? 'वर' म्हणालो."

"कोण?"

काका बोल्टकडे बघत राहिले. "मीच. तुझ्यासारखं."

"आणि बघितलं नाहीत?"

"तू सांगायचीस तेव्हा तरी मी कुठे बघत होतो?"

पाना काकूंच्या मांडीवर तसाच राहिला. त्यांनी घराकडे तोंड करून हाक मारली, "अगं, हे स्टूल होडीत बसतंय का, मोजून बघ."

लेक धावत आली. "आई, तुझे गुडघे!"

"गुडघ्यांनी थोडंच बघायचंय?"

लेकीने एकदा आईकडे पाहिलं, एकदा बाबांकडे, आणि टेप आणायला गेली.

काका मला फेकून देणार होते. "मोडली म्हणून काय झालं?" म्हणत काकूंनी मला वाफ्यात रोवलं. मान आहे, वेल आहे, तक्रार नाही. पण ही माती कोरडी. संध्याकाळी झारीचं पाणी पायाशी मुरतं, तेव्हा क्षणभर चिखलाचा वास येतो, आणि माझं टोक आठवतं. ते अजून तिथे उभं असेल का? भरतीचं पाणी त्याच्यावरून जात असेल. एखादा खेकडा त्याला पाठ घासत असेल. त्याच्यापर्यंत निरोप नेणारं कुणी नाही.

मित्रांनो, आमच्यासारख्यांना गोड्या पाण्याने धुवा, उन्हात टाकू नका, बोल्टांना तेल द्या. पण कुणी पाठमोरं राहून तुमच्या भरवशावर काही विचारलं, तर आधी वळून बघा, मग उत्तर द्या.

धक्का कुंपणापलीकडेच आहे, आणि तिथेही होडी सळई रोवूनच उभी असते. होडी सुटताना रोज सकाळी ऐकू येतं, "सळई वर?"

मग थोडी शांतता. तेवढ्यात काकू स्टुलावर वळत असतात.

"वर!"

ते ऐकलं की माझंही अंग वर उठू लागतं. वेल मात्र सोडत नाही.