पंखावर उभी राहिलेली वीज

मंगळवारी सकाळी अकरा वाजून चार मिनिटांनी चाचणीसाठी विमानाच्या पंखावर सोडलेली वीज गुरुवारी दुपारीही तिथेच उभी होती. मनगटाएवढी जाड, छतापासून पंखापर्यंत सरळ, निःशब्द.

पंख कार्बनच्या धाग्यांचा होता. अशा पंखावर तांब्याची बारीक जाळी बसवतात. वीज तिच्यावर पसरते आणि निघून जाते. ही गेली नव्हती. चाचणीप्रमुख वैजयंती केळुसकर कारण शोधत होत्या. बाकीचे अभिनंदन करत होते, आणि दर अभिनंदनागणिक दालनाच्या भिंती वीतभर आत सरकत होत्या.

"पंखानं विजेला धरून ठेवलंय, बाई!" संचालक धारवाडकर म्हणाले. "याहून मोठं संरक्षण कुठलं?"

"चोराला घरात कोंडून घेतलं, तर त्याला राखण म्हणत नाहीत, सर."

"तुम्हांला सगळ्यात खोटच दिसते. चारला मंजुरीच्या अर्जावर सही हवी. उद्या उड्डाण आहे."

टाळ्या झाल्या. भिंती आल्या. वैमानिक मिस्किटांना खुर्ची मिटून उभं राहावं लागलं. उद्या असेच पंख लावून तेच उडणार होते.

"मॅडम, ढगांत जाऊ की नको, एवढंच सांगा."

"थांबा जरा, कॅप्टन."

कुणी नवं माणूस येणार म्हटलं की पंखाला रंगाचा एक थर चढवायचा, ही संस्थेची पद्धत. आलेल्याला पंखात स्वतःचा चेहरा दिसला पाहिजे. थर मोजावेत असं कुणालाच वाटलं नव्हतं, वैजयंतीबाईंनाही.

त्यांनी विजेच्या पायाशी पातं लावलं. पहिल्या थराबरोबर एका सचिवांचा चेहरा सुटून आला, दुसऱ्याबरोबर एका मंत्र्यांचा. चेहरे त्यांनी वर्तमानपत्रावर क्रमाने मांडले. दहावा धारवाडकरांचा निघाला.

"जपून, फाटेल," धारवाडकर म्हणाले.

अकरावा वैजयंतीबाईंचा होता, रुजू झाल्या त्या दिवशीचा. तोही हसत होता.

खाली जाळी नवी कोरी होती. फक्त विजेच्या पायाखाली बोट जाईल एवढं भोक, आणि त्यात धाग्यांची राख.

विजेने पाय उचलला. भिंती आता सगळ्यांच्या खांद्यांना टेकल्या होत्या.

"सही करताय ना?" धारवाडकरांनी विचारलं.

वैजयंतीबाईंनी अर्ज पंखावरच ठेवला आणि नामंजुरीच्या कारणाच्या रकान्यात लिहिलं: 'रंगाचे अकरा थर. त्यामुळे वीज जाळीवर पसरू शकली नाही. एकाच बिंदूवर खिळली आणि तिथे पंख जाळला.'